विश्लेषण : गावाला जाताना कुत्रा-मांजर ठेवायचे कुठे? बोर्डिंग की घरी येणारा ‘पेट सिटर’?

मे महिना, गणपती आणि दिवाळी ही महाराष्ट्रातील घरांना कुलूप लागण्याची तीन ठरलेली निमित्ते. रेल्वेचे आरक्षण मिळते, हॉटेलची खोली ठरते आणि मग घरातल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा विषय निघतो. वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नसे. कोणी ना कोणी घरी असायचे, नाही तर शेजारच्या काकू दूध-भाकरी घालायच्या. दोघेही नोकरी करणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना ती सोय उरलेली नाही. तिची जागा आता दोन सेवांनी घेतली आहे. एक म्हणजे पैसे घेऊन प्राण्याला काही दिवस आपल्याकडे ठेवून घेणारी बोर्डिंग केंद्रे आणि दुसरी, पालकांच्या घरी येऊन प्राण्याची देखभाल करणारे ‘पेट सिटर’. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपुरात दोन्हींच्या जाहिराती मोबाइलवर सहज सापडतात. त्यांतले कोणते निवडावे आणि काही बिघडले तर कायदा कितपत कामी येतो, याचा हा वेध.

दरांची तुलना पुरेशी का नाही?

बहुतेक पालक सुरुवात दरापासून करतात. दिवसाचे किती, दोन प्राणी असतील तर सवलत किती, खाणे त्यात धरले आहे का, वगैरे. हे विचारायला हवेच, पण त्यावरून निवड करता येत नाही. कारण दोन्ही ठिकाणी पैसे वेगवेगळ्या गोष्टींचे मोजले जातात. बोर्डिंगमध्ये प्राण्याला जागा आणि अधूनमधून माणसाची नजर मिळते. सिटरच्या बाबतीत जागा घरचीच असते, पैसे माणसाच्या वेळेचे असतात. म्हणून दोन्हींना सारखेच लागू पडणारे प्रश्न दोनच. रात्री प्राण्याजवळ कोण असते? आणि प्राणी अचानक आजारी पडला, तर उपचाराचा निर्णय कोण, किती वेळात घेते? या दोहोंची सरळ उत्तरे न देणारी सेवा स्वस्त असो वा महाग, ती टाळलेली बरी.

बोर्डिंग म्हणजे नेमके काय?

‘बोर्डिंग’ या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन अगदी वेगळे प्रकार चालतात. पहिला प्रकार केनलचा. यात प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र खोली किंवा पिंजरा असतो आणि दिवसातून ठरावीक वेळा फिरायला नेले जाते. काही पशुवैद्यकीय दवाखानेही अशी सोय देतात. दुसरा प्रकार शहराबाहेरच्या फार्महाऊसवरचा. येथे कुत्री दिवसभर आवारात मोकळी असतात. तिसरा प्रकार घरगुती. प्राणी सांभाळणारी व्यक्ती आपल्याच फ्लॅटमध्ये तीन-चार कुत्री ठेवून घेते.

सध्या सर्वाधिक खपणारा शब्द ‘केज-फ्री’ हा आहे. पिंजरा नाही हे ऐकायला छान वाटते. मात्र पिंजरा नसणे याचा दुसरा अर्थ असा, की एकमेकांना कधीही न भेटलेली, लहानमोठ्या आकाराची, वेगवेगळ्या स्वभावाची कुत्री एकत्र सोडलेली असतात. जेवणाचे भांडे, खेळणे किंवा सांभाळणाऱ्याच्या जवळची जागा एवढ्या कारणावरूनही भांडण जुंपते. लॅब्राडॉर आणि शिह त्झू यांच्यातील भांडण काही सेकंदांत जिवावर बेतू शकते. त्यामुळे ‘पिंजरा आहे का’ यापेक्षा ‘जेवताना आणि झोपताना त्यांना वेगळे करता का’ आणि ‘एका माणसाकडे किती कुत्री’ हे विचारणे अधिक उपयोगाचे. नसबंदी न झालेली मादी माजावर येण्याच्या बेतात असेल, तर मोकळ्या आवारातले बोर्डिंग हा पर्यायच नव्हे.

फार्महाऊसची आणखी एक बाजू छायाचित्रांत दिसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. वीज गेल्यावर पंखा, कूलर कशावर चालतो, हा म्हणूनच चौकसपणाचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे. जुन्नरचा पट्टा असो, की मुंबई-ठाण्याला लागून असलेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा परिसर, तेथे बिबट्या कुत्र्यांना उचलतो हे वन विभागाला आणि गावकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. अशा भागात रात्री कुत्री वरूनही बंदिस्त असलेल्या जागेत ठेवली जातात का, हे स्वतः जाऊन पाहावे लागते. ‘आमच्याकडे भिंत आहे’ एवढे उत्तर बिबट्याच्या बाबतीत पुरत नाही.

केंद्र आधी पाहू न देणारे, ‘कुत्री बिचकतात’ म्हणून फाटकावरच प्राणी ताब्यात घेणारे चालकही असतात. अनोळखी माणूस आल्याने कुत्री भुंकतात हे खरे. पण गर्दी नसलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी झोपायची जागा दाखवायला हरकत असण्याचे कारण नाही. रोज संध्याकाळी येणाऱ्या व्हिडीओवरही फार विसंबू नये. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत उड्या मारणारे कुत्रे उरलेला दिवस कसे होते, ते त्यात येत नाही.

परत आल्यावर कुत्री आजारी का पडतात?

‘तिथे होता तोपर्यंत ठणठणीत होता, घरी आल्यावर खोकायला लागला,’ ही तक्रार पशुवैद्यांना सुट्ट्या संपल्या की हमखास ऐकू येते. त्यामागे आजारांचा अधिशयन काळ असतो. केनल कॉफ हा श्वसनमार्गाचा संसर्ग नावाप्रमाणेच एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत झपाट्याने पसरतो आणि त्याची लक्षणे साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. गोचिडांमार्फत होणारा ताप त्याहून उशिरा, एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. तोवर बिल भरलेले असते, केंद्र चालकाने ‘आमच्याकडून नीट गेला’ असे म्हटलेले असते आणि कोणी कोणाला काही सिद्ध करून दाखवू शकत नाही.

पार्व्हो याहून गंभीर. त्याचा विषाणू जमिनीवर आणि भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो, नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचसारखे जंतुनाशक लागते. लसीकरणाचा क्रम पूर्ण न झालेले पिल्लू म्हणूनच कोणत्याही बोर्डिंगमध्ये ठेवू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. रेबीज, पार्व्हो-डिस्टेंपर आणि लेप्टो यांच्या लसी अनेक कुत्र्यांना दिलेल्या असतात. केनल कॉफची लस मात्र बऱ्याच घरांत राहून गेलेली असते. ती निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्याला दाखवलेले चांगले.

येथे केंद्राचा दर्जा ओळखण्याची एक सोपी खूण सापडते. लसीकरणाची पुस्तिका न मागता प्राणी ठेवून घेणारे केंद्र इतरांच्या प्राण्यांचीही पुस्तिका मागत नसते. नोंदणी करताना कटकट वाटणारे केंद्र बहुधा त्यातल्या त्यात बरे असते.

‘सिटर’ घरी येतो म्हणजे किती तास?

सिटरची सेवा ऐकताना घरात कोणीतरी राहायला येणार असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती ‘फेऱ्यांची’ सेवा असते. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. त्याचा हिशेब केला, तर प्राण्याजवळ माणूस दिवसाचा दीड तास असतो आणि साडेबावीस तास तो बंद घरात एकटा असतो. मांजराला हे चालते. घरात सतत माणसांची सवय असलेल्या कुत्र्याला चार-पाच दिवस असे ठेवणे क्रूर आहे, आणि मग भुंकून सोसायटीच्या तक्रारी येतात, दाराचे कोपरे कुरतडले जातात ते वेगळेच. बारा तास लघवी तुंबवून ठेवण्याची सक्ती म्हाताऱ्या कुत्र्यावर तर करूच नये.

रात्रभर मुक्कामाला राहणारा सिटर ही वेगळी आणि महाग सेवा आहे. म्हातारे, आंधळे, मधुमेहामुळे दिवसातून दोनदा इन्सुलिन लागणारे, इतर कुत्र्यांशी न पटणारे किंवा जागा बदलली की खाणे सोडणारे कुत्रे असेल, तर ती बोर्डिंगपेक्षा निश्चितच उजवी ठरते. रोजचीच वाट, रोजचाच जिना, रोजचेच अंथरूण. बदलतो फक्त माणूस. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी दिवाळीत हा मुद्दा निर्णायक ठरावा. अनोळखी आवारातून आवाजाने बिथरून पळालेल्या कुत्र्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. अंगात मायक्रोचिप असली, तरी तिच्यावरून ते कुठे आहे हे कळत नाही. चिप म्हणजे फक्त एक क्रमांक; कोणीतरी कुत्रे पकडून, स्कॅनर लावून तो वाचावा लागतो. गळपट्ट्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला फोन नंबर त्याहून लवकर कामी येतो, आणि प्रवासाच्या काळात त्यावर सिटरचा नंबरही असावा.

सिटरची मोठी अडचण म्हणजे तो एकटा असतो. केंद्रातला एक कामगार आजारी पडला तर दुसरा असतो. सिटरलाच ताप आला, त्याची लोकल बंद पडली, मुंबईत जुलैतला एखादा दिवस तुंबला, तर? त्यामुळे सिटरबरोबर एक बदली माणूस आणि किल्लीची दुसरी जोडी सोसायटीतच कोणाकडे तरी असणे आवश्यक असते. शेजाऱ्यांची जुनी सोय पूर्ण संपलेली नाही. तिचा उपयोग आता रोजच्या खाण्याऐवजी अडीअडचणीला करून घेता येतो.

घरकाम करणाऱ्या मावशींवर किंवा वॉचमनवर हे काम सोपवण्याची पद्धतही सर्रास आहे. प्राणी त्यांना ओळखतो, ही जमेची बाजू. पण ‘जाता-येता बघा जरा’ असे मोघम सांगून, वेगळे पैसे न देता केलेली व्यवस्था पहिल्या अडचणीलाच कोलमडते, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

मांजरांचा विचार वेगळा का?

कुत्रा माणसांना धरून असतो आणि मांजर जागेला, असे ढोबळमानाने म्हणता येईल. ओळखीचा वास असलेली जागा सुटली, की मांजर पलंगाखाली किंवा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दडून बसते आणि खाणे थांबवते. कुत्र्याने नव्या जागी एखादा दिवस खाल्ले नाही तर फार बिघडत नाही. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात मेद साचून गंभीर आजार होऊ शकतो. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारी कुत्री असतील, तर मांजराच्या दृष्टीने ते बोर्डिंग नव्हे, शिक्षा आहे. त्यामुळे निरोगी मांजरासाठी घरीच फेऱ्या मारणारा सिटर हा बहुतेक वेळा योग्य पर्याय ठरतो.

फक्त ‘मांजराला काय, वाडग्यात कोरडे खाणे भरून ठेवले की झाले’ या समजुतीने दोन दिवसांआड एक फेरी ठरवू नये. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबण्याचा त्रास आढळतो. तो पूर्ण तुंबला, तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याची पहिली खूण मातीच्या ट्रेमध्ये दिसते : बोका पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, पण ट्रे कोरडा राहतो. रोज ट्रे साफ करणाऱ्याच्या ते लक्षात येते, तिसऱ्या दिवशी येणाऱ्याच्या येत नाही. उघड्या खिडकीचा प्रश्नही आहेच. जाळी नसलेल्या उंच फ्लॅटमध्ये सिटरने हवा यावी म्हणून उघडलेली एक खिडकी पुरेशी होते.

या व्यवसायावर सरकारचे नियंत्रण आहे का?

कागदावर थोडे, प्रत्यक्षात नगण्य. ‘प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६०’ हा मूळ कायदा. त्याच्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्याच्या देखभालीची जबाबदारी येते. ती केवळ मालकापुरती नाही. केंद्र चालक आणि सिटर दोघेही त्यात येतात. पण कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा घडला, तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. साठ वर्षांपूर्वीच्या रुपयात ठरलेली ही रक्कम आज बोर्डिंगच्या एका दिवसाच्या भाड्याहून कितीतरी कमी भरते. तिचा धाक कोणाला वाटेल?

याच कायद्याखाली २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आले. त्यांतील ‘ब्रीडर’ या शब्दाच्या व्याख्येत श्वान-बोर्डिंग केनल चालकाचाही समावेश केला आहे. मात्र नियमांचा सगळा रोख पिल्लांची पैदास आणि विक्री यांवर आहे. काही दिवसांसाठी ठेवलेल्या कुत्र्यामागे किती माणसे असावीत, रात्री कोण असावे, आजारी प्राण्यासाठी वेगळी जागा असावी का, अशा बोर्डिंगच्या रोजच्या प्रश्नांसाठी ते लिहिलेलेच नाहीत. २०१८ चे नियम पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी आहेत. मालकाच्या घरी जाऊन काम करणारा सिटर तर यातल्या कशातच बसत नाही.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहता येते. तेथे १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कुत्र्यांचे केनल, मांजरांची बोर्डिंगे, कुत्र्यांची पाळणाघरे आणि घरगुती श्वान-बोर्डिंग या सर्वांना स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. तपासणी होऊन एक ते पाच तारे दिले जातात आणि परवाना क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. घरगुती बोर्डिंगमध्ये वेगवेगळ्या घरांची कुत्री एकत्र ठेवायची असतील, तर त्या सर्व मालकांची लेखी संमती लागते. मालकाच्या घरी येणारा सिटर मात्र तेथेही परवान्याच्या बाहेरच आहे. आपल्याकडे अशी तारांकित यादी नसल्याने तपासणीचे काम पालकांच्याच अंगावर येते आणि ते बहुतेक वेळा ऑनलाइन अभिप्राय वाचण्यापुरते उरते.

घरगुती बोर्डिंगबाबत सोसायटीचा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. सोसायटीला सदस्यांच्या पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण निवासी सदनिकेत पैसे घेऊन बाहेरची कुत्री ठेवण्याचा व्यवसाय ही वेगळी बाब आहे आणि त्यावर सोसायटी आक्षेप घेऊ शकते. ऐन दिवाळीत शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून सांभाळणाऱ्याने ‘आजच घेऊन जा’ असा फोन केला, तर हिमाचलमध्ये असलेले कुटुंब काय करणार?

प्राणी दगावला, हरवला किंवा कोणाला चावला तर?

कायद्याच्या नजरेत पाळीव प्राणी ही जंगम मालमत्ता आहे. घरच्यांना हे कितीही खटकले, तरी नुकसानभरपाईचा दावा याच पायावर उभा राहतो. बोर्डिंगमध्ये कुत्रा सोपवणे म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ मधील ‘निक्षेप’, म्हणजेच वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला देणे. कलम १५१ नुसार सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घ्यायलाच हवी. या कायद्याला प्राणी नवे नाहीत. सांभाळायला दिलेली गाय तिथे व्याली, तर वासरूही मालकाला परत द्यायचे, असे उदाहरण कलम १६३ मध्ये दीडशे वर्षांपासून आहे.

पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा अधिक व्यवहार्य मार्ग. सेवेतील त्रुटीची तक्रार पालक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी. मुदत दोन वर्षांची आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बहुतेक केंद्रांच्या अर्जावर ‘प्राण्याचा मृत्यू, आजार वा पलायन यास व्यवस्थापन जबाबदार नाही’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्याखाली सही केली म्हणजे सगळे संपले असे नाही. एकतर्फी, अन्यायकारक कराराला राज्य आयोगापुढे आव्हान देण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि त्यासाठी पुरावा लागतो. प्राणी सोपवताना त्याचे वजन, त्या दिवसाची छायाचित्रे, लसीकरणाच्या नोंदी आणि ठरलेल्या गोष्टी लिहिलेले व्हॉट्सॲप संदेश हे सगळे तेव्हा उपयोगी पडते. तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही. पैसे रोखीने देऊन पावती न घेणाऱ्यांची अडचण तर पहिल्याच पायरीवर होते.

चावण्याच्या बाबतीत अनेकांचा गैरसमज असतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राणी ‘ज्याच्या ताब्यात’ आहे त्याच्या निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. म्हणजे लिफ्टमध्ये कुत्रा एखाद्या मुलाला चावला आणि पट्टा सिटरच्या हातात असला, तर पहिला प्रश्न सिटरला विचारला जाईल. कुत्रा पूर्वी कोणाला चावला असेल आणि पालकांनी ते लपवले असेल, तर ती सिटरची फसवणूकच म्हणायची. हे काम करणाऱ्यांत महाविद्यालयीन मुले आणि जोडधंदा म्हणून उतरलेले डॉग वॉकर बरेच असतात. त्यांच्यामागे ना कंपनी असते ना विमा. काही सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या श्वान विम्यात तिऱ्हाईताला झालेल्या इजेचे संरक्षण मिळते. ते आहे का आणि कुत्रा दुसऱ्याच्या ताब्यात असतानाही लागू होते का, हे पॉलिसीत पाहायला हवे. सिटरलाच दात लागले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठणे, घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून थांबून न राहणे, आणि तो खर्च पालकांनी करणे, हे आधीच बोललेले असावे.

रात्री दोन वाजता निर्णय कोणाचा?

मोठ्या छातीच्या कुत्र्याचे पोट अचानक फुगते, ते ओकाऱ्या काढते पण काही बाहेर पडत नाही. ही पोटाला पीळ पडल्याची लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी शस्त्रक्रियेला काही तासांचा उशीरही जीवघेणा ठरतो. पालक त्या वेळी विमानात आहेत किंवा स्पितीच्या खोऱ्यात, जिथे फोन लागत नाही. दवाखाना विचारतो, शस्त्रक्रियेची परवानगी कोण देणार, आगाऊ रक्कम कोण भरणार? केंद्र चालक किंवा सिटर चाचरतो, कारण उद्या कुत्रा वाचला नाही तर दोष त्याच्यावर येईल आणि वाचला तर पैसे त्याला मिळतील की नाही, याची खात्री नाही.

हा पेच टाळायला एक कागद पुरतो. नेहमीच्या पशुवैद्याचे आणि रात्री सुरू असणाऱ्या दवाखान्याचे नाव, पालकांशी अर्ध्या तासात संपर्क न झाल्यास उपचाराचा निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचे नाव आणि नंबर, किती रकमेपर्यंत विचारल्याशिवाय खर्च करावा, भूल देण्यास संमती आहे का, चालू औषधे आणि ज्यांची ॲलर्जी आहे ती औषधे. त्याची एक प्रत दवाखान्यातही द्यावी. शेवटचा, नकोसा प्रश्नही त्यात असावा : वाचण्याची आशा नसल्यास काय करायचे? म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात हे बोलणे जड जाते. पण ते न बोलता निघाले, तर तो निर्णय एका परक्या माणसावर पडतो.

सोबत नेता येईल का?

काही वेळा येते. रेल्वेत फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे मिळाला, तर कुत्रा सोबत नेता येतो. टू टियर, थ्री टियर, स्लीपर किंवा चेअर कारमध्ये नाही. अन्यथा ब्रेकव्हॅनमधील पेटी उरते आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती कोणी निवडू नये. कूपे मिळणार की नाही, हे अनेकदा गाडी सुटण्याच्या आधी तक्ता लागतो तेव्हाच कळते. विमान कंपन्यांत एअर इंडिया आणि नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअर प्राण्यांना नेते, इंडिगो नेत नाही. स्वतःची गाडी असेल आणि मुक्काम गावच्या घरीच असेल, तर मात्र बोर्डिंग आणि सिटर दोन्हींपेक्षा हे सोपे. मांजरांच्या बाबतीत तेही नाही.

आधी चाचणी कशी घ्यावी?

कोणतेही केंद्र वा सिटर पहिल्यांदाच दहा दिवसांसाठी ठरवू नये. आधी एक रात्र ठेवून पाहावी, पालक शहरातच असताना. कुत्रा दुसऱ्या दिवशी जेवला का, शौच नीट झाली का, घरी आल्यावर सुस्त आहे की फक्त दमलेला, पंजे किंवा नाक घासून सोलवटलेले आहे का, अंगावर गोचिड आहे का, हे पाहता येते. सिटरच्या बाबतीत पालकांनी एक दिवस बाहेर राहून त्याला एकट्याने दार उघडू द्यावे. पालक घरात असताना शेपटी हलवणारा कुत्रा ते नसताना त्याच माणसावर गुरगुरू शकतो. घरात कॅमेरा असेल तर त्याला तसे सांगावे. नेहमीचे खाणे, अगदी दही-भात असला तरी, तेच आणि तेवढेच द्यायला सांगावे. नव्या खाण्याने लागलेले जुलाब आणि संसर्गाचे जुलाब पहिल्या दिवशी सारखेच दिसतात.

चांगली केंद्रे आणि भरवशाचे सिटर सुट्ट्यांच्या बरेच आधी भरतात, आणि उरतात ते पुस्तिका न मागणारे. दिवाळीसाठीची ही एका रात्रीची चाचणी दसऱ्याच्या आधी उरकली, तर ‘याला इथे जमत नाही’ हे कळल्यावर दुसरी सोय पाहायला तीन आठवडे हाताशी राहतात.